इसार घेतलेला आवाज

गाव कुणाकडं झुकलंय हे मला दारांवरून कळतं. प्रचाराची जीप गल्लीत शिरली आणि भोंगा सुरू झाला की माझी नजर रस्त्यावर नसते, उंबऱ्यांवर असते. दारात येऊन हात हलवणारा माणूस आपला असेलच असं नाही, तो सगळ्याच जीपांना हात हलवतो. जो घरातल्या टीव्हीचा आवाज वाढवतो तो विरोधातला. "किसनराव, चहा घेऊन जा" म्हणणाऱ्याचं अजून ठरलेलं नसतं. आणि जीप पुढं गेल्यावर जी बाई शेजारणीच्या कानाशी लागून हसते, तिच्या घरात नवऱ्याचं मत एकीकडं आणि तिचं दुसरीकडं जाणार, हे खुशाल समजून चालावं. इतकी वर्षं हा अंदाज सहसा चुकला नाही. एकदा सपशेल चुकला, आणि तो नेमका माझ्या घरच्या निवडणुकीत. तेच सांगायला बसलोय.

मी भोंगेवाला. सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या अलीकडं आमचं बाजाराचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर पुढच्या निवडणुकीला मला कुणी काम देणार नाही. जीप भाड्याची असते. माझे स्वतःचे म्हणाल तर दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, एक बॅटरी आणि गळा. म्हैस हरवली, रेशन आलं, पोलिओचा डोस आहे, सप्त्याची पंगत आहे, भीमजयंतीची मिरवणूक निघतेय, अमक्याची माती इतक्या वाजता आहे, हे गावाला माझ्याच तोंडून कळतं. एरवी मी 'भोंग्या किसन' असतो. निवडणूक लागली की आठवडाभरात 'किसनराव' होतो आणि निकालानंतर परत आपल्या जागेवर येतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय एवढं? माईक धरायचा आणि ओरडायचं. पण ओरडणाऱ्याचं कुणालाच कळत नाही. जीप चालती असते आणि ऐकणारा जागेवर असतो. एका दारासमोरून जीप सरकेपर्यंत जेवढं कानात शिरेल तेवढंच बोलायचं. उमेदवाराचं नाव आणि चिन्ह, बस्स. चिन्ह पुन्हा पुन्हा घ्यायचं, कारण मशीनपुढं उभं राहिल्यावर माणूस नावं विसरतो, चित्र विसरत नाही. उमेदवारांना हे पटत नाही. त्यांना आपलं शिक्षण, आपले वडील, आपण बांधलेलं सभागृह, सगळं घालायचं असतं. एकदा एका अपक्षानं मला दिवसभरासाठी लावलं आणि स्वतः मोटारसायकलवर जीपच्या मागं मागं फिरला. मला वाटलं, नजर ठेवतोय. संध्याकाळी म्हणाला, "किसनराव, आपलं नाव एवढ्या जोरात पहिल्यांदाच ऐकलं, लई बरं वाटलं." त्याला किती मतं पडली ते विचारू नका. पण इतकं समाधानी गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

भोंगा कुठं बंद ठेवायचा, हेही ठरलेलं असतं. शाळेसमोर आणि दवाखान्यासमोर बंद, तसा कायदाच आहे. तिसरी जागा माझी मी ठरवलेली. ज्या घरात माणूस गेलाय आणि दहा दिवस सरले नाहीत, त्या घरासमोर बटण आपोआप बंद होतं. मागं कितीही मोठा पुढारी बसलेला असो, त्या दारापुढं जीप मुकी जाते.

आणि एक नियम इसाराचा. पहिल्यांदा ज्याच्या हातून इसार घेतला, मतमोजणी होईपर्यंत आवाज त्याचा. मग दुसरा दुप्पट देवो, सोयरा असो की भाऊ. सकाळी एका चिन्हासाठी आणि दुपारी दुसऱ्या चिन्हासाठी तोच गळा गल्लीतून गेला तर लोक हसतात, आणि लोक हसले की उद्या पोलिओच्या डोसाला लेकरं घेऊन कोण येईल? माझ्या धंद्याची सगळी पुंजी एवढीच, की भोंग्यावरचा किसन खोटं बोलत नाही. आता पुढारी लोक पेनड्राइव्हवर गाणी आणतात. भरदार, शहरातला आवाज असतो. पण त्या आवाजाला आमच्या गावात कुणाची म्हैस हरवलीय ते ठाऊक नसतं. लोक ताल धरतात आणि विसरून जातात. मला अजून थोडंफार काम मिळतं ते म्हाताऱ्या मतदारांमुळं.

आमचं गाव मत कसं देतं, हे मला पेपरवाल्यांनी बऱ्याचदा विचारलंय. माझं उत्तर असं की हे गाव एक नाही, दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभेला ते झेंडा बघतं. कुठली गल्ली कुठल्या रंगाची हे परगावचा ड्रायव्हरही पताकांवरून सांगेल. ग्रामपंचायत आली की त्याच गल्लीत झेंडे गायब. तिथं सोयरीक बघतात, बांधाचं भांडण बघतात, आपल्या मयताला कोण आलं होतं आणि कोण नुसतं फोनवर बोललं हे बघतात. एकाच घरातला माणूस दिल्लीला एकीकडं आणि गल्लीला भलतीकडं असतो, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

वरच्या गल्लीतले नामदेव आप्पा या दोन्ही गावांच्या पलीकडचे. तरुणपणी त्यांनी एक चिन्ह धरलं ते धरलंच. उमेदवार कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मग अलीकडं पक्ष फुटायला लागले. झेंडा एकाकडं, चिन्ह दुसऱ्याकडं, जुनी माणसं तिसऱ्याकडं. आप्पांनी मला ओट्यावर बसवलं, चहा मागवला आणि अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "किसन, तू समद्यांच्या जीपात बसतूस. माझं मत आता कुण्या जीपात बसलंय, तेवढं सांग." मी चहा संपवला आणि उठलो. त्या वर्षी आप्पा केंद्रावर गेले, बोटाला शाई लावून आले आणि दोन दिवस ओट्यावर आले नाहीत.

आता मूळ गोष्ट. मागच्या ग्रामपंचायतीला आमच्या वार्डाची जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाली. या वार्डात आमची बौद्ध वस्ती येते, शेतकऱ्यांची वरची गल्ली येते आणि स्टँडजवळची दुकानं येतात. गावातले जुने कारभारी उत्तमराव लगेच माझ्याकडं आले. "बाई कोन उभी करायची ते ठरायचंय, पर आवाज तुझा," म्हणाले आणि हातावर इसार ठेवला. मी घेतला. नेहमीचं गिऱ्हाईक, न घेण्यासारखं काही नव्हतं.

दोन दिवसांनी खताच्या दुकानाचा विलास माझ्या घरी आला. उत्तमरावांच्या विरोधातलं पॅनेल तो बांधत होता. तो माझ्याकडं नव्हे, माझ्या बायकोकडं आला होता. कुशावर्ता बायांच्या टोळीची मुकादम. सोयाबीनची खुरपणी असो की हळदीची काढणी, वरच्या गल्लीतल्या शेतकऱ्यांचं तिच्यावाचून पान हलत नाही. हळदीच्या दिवसांत तिचे तळवे महिना महिना पिवळे राहतात. शेताकडं जायची पाणंद पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या चिखलाची होते, आणि डोक्यावर ओझं घेऊन त्या चिखलातून जाणाऱ्या तिच्याच बाया. मागच्या साली तिच्या टोळीतली एक पोटुशी बाई त्यात घसरून पडली. तेव्हापासून कुशावर्ता पाणंदीवर मुरूम टाका म्हणून ग्रामपंचायतीत चकरा मारत होती. तिला दर वेळी अर्ज द्या म्हणायचे.

मी संध्याकाळी घरी आलो तर ती भाकरी थापत होती. मान वर न करताच म्हणाली, "मी फॉर्म भरून राहिले."

"कुणाकडून?"

"विलासच्या पॅनेलकडून."

मी खाली बसलो. "अगं, मी उत्तमरावांचा इसार घेतलाय."

"मंग? इसार तुमी घेतला. मी कुठं घेतला?"

"परत करतो."

आता तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं वळली. "अन् गाव काय म्हनंल? बायकोसाठी जबान फिरवली म्हनंल. उद्या कुनाची म्हैस हरवली तरी तुमाला बोलावनार न्हाईत. आवाज त्यांचा राहू द्या. मत तर इसारात दिलं न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग जेवा."

उत्तमरावांनी उमेदवार दिली ती आमच्या शेजारच्या घरातली सून, पंचशीला. तिचा सासरा उत्तमरावांच्या ट्रॅक्टरवर असतो, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. पोरगी बी.ए. झालेली, स्वभावानं लाजाळू. मला मामा म्हणते, कुशावर्ताला मामी. फॉर्म भरायच्या दिवशी सकाळी ती आमच्याच घरी येऊन रडली, आणि माझ्या बायकोनं तिची समजूत काढून, केस विंचरून तिला स्वतःच्या विरोधात फॉर्म भरायला पाठवलं. पंचशीलाला चिन्ह मिळालं कपबशी. कुशावर्ताला छत्री.

त्या दिवसापासून घरात मला चहा स्टीलच्या गिलासातून मिळू लागला. कपबशा फळीवर पालथ्या. विचारलं तर म्हणाली, "आचारसंहिता लागलीय."

पहिल्या दिवशी उत्तमराव स्वतः जीपजवळ आले. "किसनराव, सुरुवात तुमच्याच दारापासून करा," म्हणाले. त्यांचा डाव मला कळत होता. नवराच बायकोला मत देऊ नका म्हणतोय, हे वस्तीनं पहिल्याच दिवशी ऐकावं. इसार घेतलेला, बोलणार काय? जीप आमच्या गल्लीत शिरली. "पंचशीलाताईंना कपबशीसमोरील बटण दाबून..." एवढं बोललो आणि आमचं दार आलं. कुशावर्ता खुरपं आणि भाकरीचं फडकं घेऊन दारात उभी होती. माझा हात बटणावर कधी गेला मला कळलं नाही. भोंगा बंद झाला. जीप मुकाट्यानं पुढं गेली, आणि पुढच्या दारापाशी मी पुन्हा सुरू केला.

संध्याकाळी ती माझ्यावर उखडली. एवढी चिडलेली मी तिला क्वचित पाहिली असेल.

"आपल्या दारापुढं भोंगा बंद काहून केला?"

"तुझ्या तोंडावर कसं बोलू?"

"तुमी भोंगा बंद कुठं करता? मयताच्या घरापुढं. मी मेले का?"

मी ॲम्प्लिफायरची वायर गुंडाळायला लागलो.

"मी उमेदवार हाय तशी मतदार बी हाय," ती म्हणाली. "समोरच्याचं म्हननं मला बी ऐकू द्या. उद्या बंद केला तर जीपीच्या आडवी झोपंन."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारापुढं पूर्ण बोललो. नाव, चिन्ह, प्रचंड बहुमतानं, सगळं. ती कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. गल्ली गोळा झाली होती. माझं संपल्यावर ती सगळ्यांदेखत म्हणाली, "घसा बसलाय तुमचा. गरम पानी पिऊन जा." हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारभर झाली आणि मला बरं वाटलं. वाटलं, वाईटातून चांगलंच होतंय.

शेवटच्या दिवशी उत्तमरावांनी एक नवं वाक्य सांगितलं. "खुरपं चालवणं वेगळं अन् गावचा कारभार चालवणं वेगळं, असं म्हन दर गल्लीत." मी म्हणालो, "इसार नाव अन् चिन्हाचा घेतलाय, टोमन्याचा न्हाई." ते तापले. तेवढ्यात मागं बसलेली पंचशीला, जी प्रचारभर एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "नका म्हनू मामा. मामीच्या टोळीत हळद काढूनच माझी कॉलेजची फी भरलीय." ते वाक्य भोंग्यावर गेलं नाही.

त्या फेरीत मी दारं नीट बघितली. आमच्या वस्तीत दारोदार माणसं उभी, टीव्ही कुठंच मोठा नाही. वरच्या गल्लीत बाया जीपमागं कुजबुजून हसत होत्या. माझा हिशोब सरळ होता. वस्ती आपलीच, पंचशीलाचं घर सोडलं तर ती सगळी छत्रीला जाणार. वरच्या गल्लीतून चार बाया चोरून मत देतील. कुशावर्ता निवडून येणार. हे मी तिला सांगितलं नाही, पण मनात पक्कं धरलं, आणि मतदानाच्या दिवशी बायकोसोबत रांगेत हसतमुखानं उभा राहिलो.

सेनगावला मतमोजणी झाली. कुशावर्ता थोडक्यात पडली.

इसार निकालाचा दिवस सरेपर्यंतचा होता, त्यामुळं मिरवणूकही माझ्याच गळ्यावर आली. गुलाल उधळला, पंचशीला जीपमध्ये हात जोडून उभी राहिली, आणि मी विजयी उमेदवाराचं नाव घेत आमच्या गल्लीतून आलो. आमच्या दारापुढंही आवाज खाली आणला नाही, तशी कुशावर्ताची ताकीदच होती. कुशावर्ता बाहेर आली, पंचशीलाच्या गळ्यात हार घातला आणि तिच्या डोळ्यांत गेलेला गुलाल आपल्या पदरानं पुसला.

दोन दिवसांनी वस्तीतली गयाबाई मला वाटेत भेटली. म्हातारी नात्यानं माझी मावशी लागते. मी सहज म्हणालो, "मावशी, वरच्या गल्लीतल्या बायायनं हात आखडला वाटतं."

"त्यायनं कशाला आखडावा? त्या तर समद्या छत्रीवर गेल्या. माझ्या लेकीनं सोता ऐकलं केंद्रावर."

"मंग कमी कुठं पडली?"

गयाबाईनं हातानं वस्तीकडं दाखवलं. "हितंच. आपल्या वस्तीत. आमी कपबशीच दाबली."

"काहून?"

"काहून काय? तूच सांगत व्हतास की रोज, दारापुढं येऊन. आमाला वाटलं, उत्तमरावाचं अन् तुझ्या घरचं ठरलंय. कुशानं नुसता दाखवायला फॉर्म ठेवलाय. तसं नसतं तर तू तिच्याच दारापुढं असं बोल्ला असतास का? भोंग्यावर तू कधी खोटं बोल्ला न्हाईस, किसन. तू म्हनला कपबशी, आमी दाबली कपबशी."

मी तसाच घरी आलो. जन्मभर ज्या गोष्टीची मिजास केली त्याच गोष्टीनं बायको पाडली होती. वस्तीतली एवढी दारं उघडी होती ती आपल्या माणसासाठी, असं मी समजत होतो. ती माझं ऐकायला उघडी होती.

लपवून ठेवणं जमलं नाही. कुशावर्ताला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर उखडेल. सोललेले दाणे सुपात टाकत म्हणाली, "मीच म्हनले व्हते दारापुढं बोला म्हून." आणि मग, "तुमच्यावर एवढा इस्वास हाय लोकायचा. हे बी काही कमी न्हाई." तेव्हा रडलो तो मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या तळहातावर इसार ठेवला. हळदीच्या मजुरीतला.

"हे काय?"

"उत्तमरावांचं काम सरलं ना? आता माझं घ्या. जीप सांगा. आभार मानायचे हायत."

"पडलेला उमेदवार आभार मानत नसतो, कुशा. गावात कधी झालं न्हाई."

"मला ज्यायनं मत दिलं, त्यायचे मंग कोन मानणार?"

जीप सांगितली. ती पुढच्या सीटवर बसली, टोळीतल्या बाया मागं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी भोंग्यावर माझ्या बायकोचं नाव घेत होतो. काय बोलायचं ते तिनंच सांगितलं होतं: ज्यांनी मत दिलं त्यांचे आभार, ज्यांनी दिलं नाही त्यांचे मतदानाला आल्याबद्दल आभार. वरच्या गल्लीत बाया उघड उघड दारात आल्या. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. नामदेव आप्पांनी चहा पाठवला, तोही कपबशीतून. कुशावर्तानं तो बशीत ओतून फुर्र करून प्यायला आणि आचारसंहिता उठल्याचं जाहीर केलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंचशीला उभी होती. तिनं जीप थांबवली आणि मामीच्या पायाशी वाकली. कुशावर्तानं तिला वर ओढलं. "पाया नगं पडू. पाणंदीचं बघ." पंचशीलानं मान हलवली. पुढच्या हळदीच्या आधी पाणंदीवर मुरूम पडला, त्यासाठी ती पोरगी मीटिंगमध्ये उत्तमरावांशी कशी भांडली, हे आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

मग आमचं दार आलं. दाराला कुलूप होतं. मी बोलता बोलता थांबलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, "चल पुढं."

"थांबा," कुशावर्ता म्हणाली. "हितं बी बोला."

"हितं कोन हाय? आपण दोघं तर जीपीत."

ती समोर बघत होती, माझ्याकडं नाही. "हितलं एक मत मला पडलंय. त्याचे आभार राहिलेत."

मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. मी माईक तोंडाजवळ नेला, "कुशावर्ताताईंना" एवढं म्हणालो, आणि पुढचा शब्द निघेना. दोन्ही भोंग्यांतून नुसती माझ्या श्वासाची खरखर गल्लीभर ऐकू येत राहिली.

गयाबाई ओट्यावरून ओरडली, "किसन, मशीन बिघडली का रं?"

कुशावर्तानं माझ्या हातातला माईक घेतला. तिचे तळवे अजून थोडे पिवळे होते. "व्हय मावशी, बिघडली," ती भोंग्यावरून म्हणाली, "होईल बराबर."